ऑर्डरी आटल्या तर: बडोद्याच्या कारखान्यातून परदेशातल्या मालकापर्यंत

मंदीची बातमी यायच्या आधी ती डिस्पॅचच्या फलाटावर दिसते. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग कंत्राटी कामगारांचे गेटपास नव्याने निघत नाहीत, रात्रपाळीचे एक मशीन झाकून ठेवले जाते आणि ‘साठलेल्या रजा आत्ताच घेऊन टाका’ असे सुपरवायझर सुचवू लागतो. मकरपुरा, पोर-रमणगामडी, मंजुसर, वाघोडिया, हालोल, कुठल्याही जीआयडीसीत (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत) क्रम साधारण हाच असतो. ही चिन्हे दिसल्यापासून कपातीचे पत्र हातात पडेपर्यंत जो काळ मिळतो, त्याचा उपयोग कसा करायचा ते इथे सांगितले आहे. कामगार समितीवर असलेल्यांना आणि युनियनचे कागद सांभाळणाऱ्यांना याचा जास्त उपयोग होईल. एकट्या कामगारानेही निदान कागदांचा आणि हिशेबाचा भाग वाचावा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. पैसे मिळतात ते भारतीय कायद्यातून. जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, पॅरिसमधली ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकासासाठीची देशांची संघटना) किंवा परदेशातले मुख्यालय तुम्हाला रुपयाही देणार नाही. पण २००८ ची मंदी असो, २०२० चा बंद असो की ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले ५० टक्के शुल्क, माणसे कमी करायचा निर्णय पुष्कळदा मकरपुऱ्यात होतच नाही. तो घेणारा माणूस दुसऱ्या देशात बसलेला असतो. त्याला बोलायला बसवणे, एवढेच आंतरराष्ट्रीय वाटेचे काम आहे, आणि तेही कपात होण्याआधी. कपात होऊन हिशेब घेतल्यावर तक्रार पाठवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

पहिल्या आठवड्यात गोळा करायचे कागद

नेमणुकीचे पत्र, मागच्या १२ महिन्यांच्या पगार पावत्या, हजेरी कार्डाचा फोटो, पीएफचे पासबुक, ईएसआयचा विमा क्रमांक, बँकेच्या खात्यात पगार जमा झाल्याच्या नोंदी. पगार पावती मिळत नसेल तर बँकेचे स्टेटमेंट धरा. नोटीस बोर्डावर लागलेल्या प्रत्येक सूचनेचा फोटो तारखेसकट काढा, कारण ही सूचना दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून नेते.

बडोद्यातल्या मराठी माणसाचा अर्ज सर्वात जास्त अडतो तो नावावर. गुजरातेत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, अशी लिहिण्याची पद्धत आहे. घरच्या जुन्या कागदांवर मराठी पद्धतीने स्वतःचे नाव आधी असते. भरीला शाळेच्या दाखल्यावर ‘रमेश’, आधारवर ‘रमेशभाई’, पीएफमध्ये ‘रमेशराव’. बायकांच्या नावाला कुठे ‘बेन’ लागलेले, कुठे ‘बाई’. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात आणि दावा परत येतो. पीएफमधली दुरुस्ती, विशेषतः जुन्या खात्यांची, पुष्कळदा कंपनीच्या मंजुरीने होते. कंपनीला कुलूप लागल्यावर मंजुरी द्यायला कोण बसलेले असणार? म्हणून हे काम सगळ्यात आधी उरका: आधार, पॅन, बँक, पीएफ आणि ईएसआय या पाचही ठिकाणचे नाव आणि जन्मतारीख एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि जिथे अक्षर वेगळे आहे तिथे दुरुस्तीचा अर्ज टाका.

दुसरी यादी कंपनीबद्दलची. माल कुणासाठी बनतो, खोक्यावर कुणाचे नाव असते, मूळ कंपनी कुठल्या देशातली, भारतातल्या कंपनीत तिचे भाग किती, हे कंपनीच्या वार्षिक अहवालात किंवा कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावर सापडते. इथे एक सावधगिरी बाळगा. ड्रॉइंग, दरपत्रक, ग्राहकाचे ई-मेल यांना हात लावू नका. ते बाहेर गेले की ‘गोपनीय माहिती फोडली’ म्हणून गैरवर्तनाची चौकशी बसते आणि कपातीचा प्रश्न बाजूला पडतो. उघड मिळते आणि स्वतःच्या पगाराशी संबंधित आहे, तेवढेच घ्या.

हिशेब आधी स्वतः मांडा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आणि बाकीच्या तीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुन्या कायद्यात कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी १०० कामगारांपासून लागत होती. नव्या संहितेत ही मर्यादा ३०० आहे. तेव्हा कामगारांची नेमकी संख्या किती, यावर बरेच काही ठरते. २९० पटावर आणि १५० कंत्राटी, अशी मांडणी दिसली तर कंत्राटदाराच्या माणसांची यादीही तयार ठेवा. कंत्राट नुसते कागदावरचे आहे, असा मुद्दा पुढे मांडायचा झाला तर तीच लागते.

परवानगी लागत नसली तरी एक वर्षाची सलग सेवा असलेल्या कामगाराला कारण देऊन एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावेच लागते. वरचे सहा महिन्यांहून जास्त दिवस पूर्ण वर्ष धरले जातात. उदाहरण घेऊ. वेतन महिना १८,००० रुपये, सेवा ९ वर्षे ८ महिने, म्हणजे हिशेबाला १० वर्षे. कपातीची भरपाई काढताना महिना ३० दिवसांचा धरतात: १८,००० ला ३० ने भागून १५ ने आणि मग १० ने गुणले की ९०,००० रुपये. ग्रॅच्युइटीला मात्र भागाकार २६ ने होतो, म्हणून ती १,०३,८४६ रुपये. नोटिशीचा पगार १८,०००. शिवाय संहितेत पुन्हा कौशल्य शिकण्यासाठीचा निधी आहे. त्यात मालकाने १५ दिवसांचे वेतन भरायचे आणि कपातीनंतर ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यावर जायला हवे: ९,००० रुपये. एकूण २,२०,८४६. शिल्लक रजेचे पैसे आणि त्या महिन्याचा पगार याच्यावर. पगाराची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत चुकती व्हायला हवी, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत.

‘सगळे मिळून दीड लाख घ्या आणि विषय संपवा’ असा आकडा समोर आला की हा हिशेब खिशात असावा. सगळीकडे २६ ने किंवा सगळीकडे ३० ने भागणे ही नेहमीची चूक आहे. मालकाकडूनही होते, युनियनकडूनही.

आणि राजीनाम्यावर सही करू नका. ‘राजीनामा दिलात तर पुढच्या नोकरीत अडचण येणार नाही’ हे वाक्य ऐकायला गोड असते. पण राजीनामा दिला की ती कपात राहत नाही. ९०,००० गेले, नोटिशीचा पगार गेला, पुन्हा कामावर घेताना मिळणारा अग्रहक्क गेला, आणि ईएसआयची बेकारीतली मदतही धोक्यात येते. ही मदत अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून मिळते: सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. किमान दोन वर्षे विमाधारक नोकरी हवी. शेवटच्या वर्गणी-सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. योजनेची मुदत ठरावीक काळाने वाढवली जाते, म्हणून अर्जाच्या दिवशी ती चालू असल्याची खात्री करा. कंपनी ईएसआयच्या मासिक विवरणात प्रत्येकासमोर कारणाचा क्रमांक भरते. तिथे ‘कपात’ऐवजी ‘नोकरी सोडली’ असे पडले तर खुलासे करत बसावे लागते. कपातीचे पत्र घेतानाच विवरणात काय भरणार हे लेखी विचारा.

पीएफ एकदम रिकामा करण्याची घाई नको. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षांवर पैसे काढून घेतले तर ती नऊ वर्षे बुडाली. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या, म्हणजे पुढच्या नोकरीतली वर्षे त्यात मिळवता येतात. कंपनीने परदेशी कामावर पाठवलेल्यांनीही तिथली वर्षे सोडून देऊ नयेत. भारताचे काही देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, पहिला बेल्जियमशी, २००९ पासून लागू. त्यासाठीचे संरक्षण प्रमाणपत्र पीएफ कार्यालयातूनच निघते.

कपातीऐवजी कमी दिवस

पुढच्या पत्रव्यवहारात नुसती ‘कपात नको’ अशी मागणी टिकत नाही. पर्याय मांडावा लागतो. जगभर वापरला गेलेला पर्याय म्हणजे काम वाटून घेणे. जर्मनीत याला कुर्त्सआर्बाइट म्हणतात: तास कमी होतात, माणसे पटावर राहतात, बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार संस्था भरून देते. जून २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, जो जागतिक रोजगार करार मंजूर केला, त्यातही काम वाटून घेण्याचा उपाय आहे. तो करार म्हणजे कायदा नव्हे. पण सरकारे, मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना अशा तिन्ही बाजूंनी तो मान्य केलेला आहे. म्हणून परदेशी मालकाला पत्र लिहिताना त्याचा उल्लेख कामाला येतो, विशेषतः त्याच्या स्वतःच्या देशात हाच उपाय चालू असेल तर. ‘तिकडे कमी तास आणि इकडे थेट कपात, असे का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला मुख्यालयाला जड जाते.

भारतात सरकार फरक भरून देत नाही. म्हणून करार स्वतः घडवावा लागतो आणि कच्चा राहिला की अंगावर येतो. त्यात मुदत लिहा, तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. आठवड्याचे दिवस, बंद दिवसांचा मोबदला, त्या काळात ओव्हरटाइम आणि नवी कंत्राटी भरती बंद, महिन्याला एकदा ऑर्डरबुकावर बैठक, ऑर्डरी परतल्यावर पूर्ण दिवस कधीपासून, हेही लिहा. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात वर्षभर सेवा झालेल्यांना ले-ऑफचा, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरते घरी बसवल्याचा, मोबदला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के मिळतो, तेव्हा बोलणी त्याच्या वरून सुरू व्हायला हवीत.

तीन दिवसांचा आठवडा कबूल करताना मात्र थांबा आणि मोजा. सहामाहीत २६ आठवडे, तीन दिवसांनी ७८. वर ईएसआयसाठी जो आकडा सांगितला तो नेमका हाच. बाकीच्या दिवसांवर वेतन नसेल आणि तापाने दोन दिवस घरी राहिलात तर आकडा खाली येतो, आणि त्यासोबत आजारपणाचा भत्ताही जातो. चार दिवसांत १०४ होतात, हाताशी वाव राहतो. बंद दिवस हजेरीत ‘ले-ऑफ’ म्हणूनच लागले पाहिजेत. ‘गैरहजर’ किंवा ‘बिनपगारी रजा’ लागली तर सलग सेवेचे २४० दिवस मोजताना त्यांचा उपयोग होत नाही, करारानुसार दिलेल्या ले-ऑफच्या दिवसांचा होतो. हजेरी महिनाअखेरी तपासून चालणार नाही, दर शनिवारी बघा.

बाहेरची तीन दारे

पहिले दार मुख्यालयाचे. एक पानाचे पत्र, इंग्रजीत किंवा मूळ कंपनीच्या भाषेत. त्यात कारखाना कुठला, किती कामगार, काय सांगितले गेले आणि कुठल्या तारखेला, काय सांगितले गेलेले नाही, आणि मागणी. मागणी तीनच ओळींची: ऑर्डरींची माहिती द्या, आगाऊ सूचना द्या, कपातीआधी कामगार प्रतिनिधींशी बसा. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या आयएलओच्या त्रिपक्षीय घोषणापत्रात (मूळ १९७७ चे, पुढे सुधारलेले) आणि ओईसीडीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, दोन्हीकडे रोजगारावर मोठा परिणाम करणाऱ्या बदलांची वाजवी आगाऊ सूचना कामगार प्रतिनिधींना आणि सरकारला द्यावी असे म्हटले आहे. पत्रात या दोन्हींची नावे घ्या. कंपनीचा जागतिक युनियन महासंघाशी, उदाहरणार्थ इंडस्ट्रिऑलशी, जागतिक चौकट करार (कंपनीच्या सगळ्या देशांतल्या कामगारांच्या हक्कांबद्दलचा करार) झालेला असेल तर त्याचाही उल्लेख करा. असा करार असेल तर पत्र तुमच्या केंद्रीय संघटनेमार्फत महासंघाकडे आणि तिथून मूळ देशातल्या युनियनकडे जाऊ द्या. मुख्यालयाच्या कॅन्टीनमध्ये विचारलेला प्रश्न मकरपुऱ्याच्या गेटवरच्या घोषणेपेक्षा लवकर पोहोचतो.

दुसरे दार राष्ट्रीय संपर्क केंद्राचे, आणि आपल्याकडे ते फारच कमी ठोठावले जाते. ओईसीडीची तत्त्वे मानणाऱ्या प्रत्येक देशाला असे केंद्र चालवावे लागते. भारत त्या देशांत नाही, म्हणून दिल्लीत केंद्र शोधू नका. मूळ कंपनी जर्मन असेल तर तक्रार जर्मनीच्या केंद्राकडे, जपानी असेल तर जपानच्या. फी नाही, वकील सक्तीचा नाही. केंद्राने प्राथमिक छाननी तीन महिन्यांत आणि सगळे प्रकरण साधारण वर्षभरात संपवावे अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात लांबते. केंद्र निकाल देत नाही. ते मध्यस्थी देऊ करते आणि शेवटी निवेदन प्रसिद्ध करते. कंपनी बसलीच नाही तरी निवेदन निघते, आणि गुंतवणूकदार ते वाचतात.

इथल्या तक्रारी फसण्याची कारणे ठरलेली आहेत. एक म्हणजे सगळ्या गाऱ्हाण्यांची खिचडी: बोनस, कॅन्टीन, बढती, कपात, सगळे एकाच अर्जात. तत्त्वांतल्या रोजगाराच्या प्रकरणात बसते तेवढेच ठेवा. दुसरे, मूळ कंपनीचा आणि बडोद्याच्या कारखान्याचा धागाच दाखवलेला नसतो. माल विकत घेणारी कंपनी आणि कारखान्याची मालक कंपनी वेगळ्या असतील तर कुणाकडून काय हवे ते वेगवेगळे लिहा. खरेदीदार कपात थांबवू शकत नाही, पण ऑर्डर रद्द करताना तयार मालाचे पैसे आणि मुदत देऊ शकतो. तिसरे, तक्रार दाखल केल्या दिवशीच ती व्हॉट्सॲपवर फिरते. मग मध्यस्थीत गुप्तता पाळायला तुम्ही तयार नाही, असे कंपनी म्हणते आणि तिला निमित्त मिळते. कामगारांची नावे जोडपत्रात वेगळी ठेवा आणि ती कंपनीला दाखवू नयेत असे स्पष्ट लिहा.

तिसरे दार आयएलओचे. इथे एकट्या कामगाराचा अर्ज घेतला जात नाही, संघटनेचाच लागतो. संघटना स्वातंत्र्य समिती १९५१ पासून आहे. भारताने ८७ आणि ९८ क्रमांकांचे संघटना-स्वातंत्र्याचे करार मान्य केलेले नाहीत, तरीही या समितीकडे भारताविरुद्ध तक्रार करता येते. पण विषय हवा संघटनेच्या हक्काचा. मंदीमुळे सरसकट कपात झाली तर ती तिथे बसत नाही. ४० जणांच्या यादीत युनियनचे नऊच्या नऊ पदाधिकारी आले, ज्येष्ठतेचा क्रम मोडून आले, तर बसते. ज्येष्ठता यादीची प्रत हा तिथला मुख्य पुरावा. समिती वर्षातून तीनदा बसते आणि आधी सरकारचे म्हणणे मागवते, म्हणून याला तातडीचा उपाय समजू नका.

आयएलओकडे कंपनी आणि युनियन यांच्यात संवाद घडवून देण्याचीही सोय आहे, मात्र दोघांनी मिळून मागितली तरच. संबंध अगदीच तुटले नसतील तर आधी हेच सुचवा.

रोजगार धोरणाचा १२२ वा करार भारताने १९९८ मध्ये मान्य केला आणि त्रिपक्षीय सल्लामसलतीचा १४४ वा त्याच्या वीस वर्षे आधी. त्यांचे बंधन सरकारवर आहे, कंपनीवर नाही. म्हणून ते मालकाच्या पत्रात न घालता कामगार आयुक्तांच्या आणि मंत्रालयाच्या निवेदनात घाला. (बेकारीवरचा १९१९ चा करार भारताने १९२१ मध्ये मान्य करून १९३८ मध्ये सोडून दिला. तिथला परिच्छेद उद्धृत करणारी निवेदने अधूनमधून दिसतात. त्यांचे वजन शून्य.)

घरचे दार उघडे ठेवा

बाहेर पत्रे जात असताना समेट अधिकाऱ्याकडचा, म्हणजे वादात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडचा, अर्ज थांबवू नका. गुजरातीत लिहा, दोन प्रती, एकीवर पोच. कपात झाल्यास आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर कामगार थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो, पण कपातीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी तीन वर्षे होती आणि अजून बरेच जण तीनच सांगतात. संपर्क केंद्राकडे प्रकरण चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

भरपाईचा धनादेश घेताना ‘हक्क राखून स्वीकारले’ असे पावतीवर हाताने लिहा. छापील पावतीत ‘सर्व दावे मिटले’ असेल तर तेवढी ओळ खोडून बाजूला सही करा. धनादेश नाकारायची गरज नाही.

कपात झालेल्यांची यादी एकाच वहीत ठेवा: नाव, खाते, कौशल्य, शेवटची तारीख, दोन फोन नंबर, एक घरच्यांचा. एका वर्षाच्या आत कंपनीने भरती केली तर आधी या लोकांना बोलवावे लागते. ऑर्डरी परतल्या की भरतीची जाहिरात क्वचितच निघते, कंत्राटदाराची जीपच थेट गेटवर येते. त्या दिवशी आत गेलेल्यांची संख्या आणि खाते वहीत लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यादीसकट लेखी मागणी व्यवस्थापनाला द्या, प्रत समेट अधिकाऱ्याला.